वाटून घेतलेल्या गोळ्या

६ जानेवारी
मिळालं एकदाचं संधिवाताचं नवं औषध! बजाजनगरातून शहरातल्या दवाखान्यात जाऊन आले. सोबत शेजारची शमशादभाभी. दोघींचे गुडघे सारखेच नाठाळ. तिथल्या मोनिका मॅडमनी सगळं वाचून दाखवलं — औषध अजून तपासणीत आहे, निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना रिकामी, आत औषधच नसलेली. कुणाला कोणती, ते त्यांनाही माहीत नाही म्हणे. "समजलं ना?" आमची संमती टिपायला कॅमेरा चालू. दोघी म्हणालो, समजलं. खरं तर ते रिकाम्या गोळीचं माझ्या डोक्यात शिरलंच नाही. आजारी माणसाला कुणी मुद्दाम रिकामी गोळी देतं का! पण मॅडम गोड बोलतात. नाही म्हणवेना.

२५ जानेवारी
विहारात वंदनेला मांडी घालून बसले! किती वर्षांनी! हे नुसते बघत राहिले.

२८ जानेवारी
भाभीला काडीचा फरक नाही. "मेरेकू तो खालीच गोली मिली. रत्ना, रमजान आला गं. यंदाबी खुर्चीवरच नमाज पढू का?" लई वाईट वाटलं.

४ फेब्रुवारी
मॅडमना म्हटलं, भाभीची बाटली बदलून द्या. "तसं केलं तर तपासणीच खोटी पडेल, ताई. पुढं हजारो लोकांना हे औषध द्यायचंय."
हजारो लोक गेले उडत! माझ्या शेजारी कोण राहतं?

५ फेब्रुवारी
केलं! दोघींच्या बाटल्या चपातीच्या डब्यात ओतल्या, हलवल्या, निम्म्या तिला, निम्म्या मला. दिसायला सगळ्या सारख्याच. भाभी घाबरली — "गुनाह तर नाय ना?" म्हटलं, भाजी वाटून खातो तशी गोळी वाटली, त्यात कसला गुनाह!

१४ फेब्रुवारी
माझा उजवा गुडघा परत कुरकुरतोय. कुरकुरू दे.

२४ फेब्रुवारी
भाभीनं जमिनीवर कपाळ टेकून सजदा केला! मुद्दाम मला बोलावून दाखवला. उठताना हात धरू दिला नाही. मग इफ्तारीला खजूर हातात घेऊन रडत बसली. मीही रडले.

३ मार्च
भाभीला पहाटे सेहरीला घास उतरत नाही. सारखं मळमळतं. "रोजे हैं, होता ऐसा." मीही म्हटलं, उपासानं पित्त झालं असेल. लिंबू नेऊन दिलं.

६ मार्च
मॅडमचा फोन. गोळ्या आजपासून बंद! काही जणांचं लिव्हर बिघडलंय, आधी मळमळ सुरू होते म्हणे. कुणाची गोळी कोणती, तेही आता उघड केलंय. माझी खरी होती, म्हणून लगेच रक्त तपासायला बोलावलंय. म्हटलं, भाभीलाही आणते.
"त्यांना नको ताई. त्यांच्या गोळ्या रिकाम्या होत्या. त्यांना काहीच धोका नाही."
सगळं सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता घेऊन या त्यांना."

६ मार्च, थोड्या वेळानं
रिक्षा दारात उभी आहे. भाभी बुरखा घालेपर्यंत लिहितेय. आतून विचारतेय — "कायकू गे दवाखाना? मी तर बरी झाले ना!"