काचेवरची तारीख

१४ मार्च, शनिवार

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीच्या गुडघ्याला आता उतार असेल. आम्ही सगळे बरे आहोत. धाकटी परीक्षेच्या नावाखाली दिवसभर झोपते आणि उठवायला गेलं की पाठांतर चाललं होतं म्हणते. माझी दाढ काढली. आठवडाभर मला बोलता येत नव्हतं, त्यामुळे घरात सगळे खुशीत होते.

बातमी अशी की जुनं ग्रंथालय पाडलं. मंगळवारी सुरुवात झाली आणि काल शेवटची भिंत गेली. विद्यापीठाच्या सात जुन्या इमारती पाडून तिथे चार नव्या उभ्या राहणार आहेत, पाडण्यात पहिला नंबर तुझीचा. एकोणीस वर्षं झाली तुला इथून जाऊन, तरी माझ्या तोंडी ती तुझीच इमारत आहे. तू तिच्याबद्दल कधी विचारलं नाहीस आणि मीही विषय काढला नाही. आज काढते. वाचनकक्षावरची गॅलरी कोसळून खाली बसलेली ती मुलगी गेली, ते तू वर ठेवलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांमुळे झालं नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे मी भरकटणार हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. पण पत्र शेवटपर्यंत वाच.

आतलं सामान हलवताना आमच्या बांधकाम विभागातर्फे मीच उभी होते. तुझं टेबल निघालं. खणात पितळी शिक्का होता आणि एक कंगवा, बहुतेक तुझाच, कारण त्याचे निम्मे दात गेले होते. नव्या इमारतीत म्हणे पुस्तकं कमी आणि बसायच्या जागा जास्त. आमचे साहेब नकाशा दाखवताना लग्न ठरलेल्या मुलासारखे लाजत होते.

पाडण्याआधी तपासणीला बाहेरून एक इंजिनियर मुलगी आली होती. माझ्या थोरलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. गॅलरीचा भिंतीत राहिलेला तुकडा तिने माझ्यासमोर छिन्नीने उकरला. आतली सळई तिने नखाने खरवडली तर पापुद्रे निघाले.

"मुळाशीच गंजलीय हो," ती म्हणाली. "वर्षानुवर्षं पाणी मुरलंय इथे. वर पुस्तकं ठेवा नाहीतर कापूस ठेवा, ही पडणारच होती."

मी खाली पडलेला एक पापुद्रा उचलून पाहिला. तेवढ्यात तिने विचारलं, "आधी तडा दिसला असेल ना? काचा नव्हत्या लावल्या?"

"लावल्या होत्या."

"मग? तुटल्या नाहीत?"

"नाही," मी म्हणाले. मग मी तिला चहा पाजला.

दादा, त्या काचा तुला आठवत असतील. मला नोकरीला लागून आठ महिने झाले होते. तूच चार जणांचे उंबरठे झिजवून मला चिकटवलं होतंस. मी शिडीवर चढून गॅलरीलगतच्या भिंतीतल्या तड्यावर आडवी काचेची पट्टी बसवत होते, दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा लावून. खालून तू विचारलंस, "भिंतीला चष्मा लावतेस काय गं?" मी तोऱ्यात सांगितलं होतं की तडा वाढला तर काच तुटते, न तुटली तर भिंत स्वस्थ आहे. काचेवर लावल्याची तारीख लिहायची आणि दर महिन्याला बघायची, एवढंच काम.

ती काच पाचव्या आठवड्यात तुटली.

मला वाटलं, माझ्याच हाताचा गुण. आधीच्या दोन काचा बसवताना मी फोडल्या होत्या आणि मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला होता, "बाईंना आरसा द्या, काच झेपत नाही." म्हणून वाटलं, प्लास्टर ओलं असताना माझा धक्का लागला असेल. मी गुपचूप नवी पट्टी बसवली आणि तिच्यावर जुनीच तारीख लिहिली. पुढच्या महिन्यात तीही तुटली, तेव्हाही मी तेच केलं. तिसऱ्यांदा तुटली तेव्हा मात्र मला कळलं होतं. हे मी कधी स्वतःशीसुद्धा नीट बोलले नाही. तोवर तपासणीला दोन दिवस राहिले होते आणि आता सांगायचं तर आधी बदललेल्या दोन काचांचंही सांगावं लागणार होतं. मी तिसरी काच बदलली. तपासणी करणाऱ्यांनी तारीख वाचली, काच शाबूत पाहिली आणि गॅलरी ठणठणीत असल्याचं लिहून गेले. त्यानंतर अकराव्या दिवशी ती पडली.

चौकशीत माझा काचेच्या नोंदीचा कागद सगळ्यात वर होता. काच सहा महिने शाबूत, म्हणजे बांधकाम चांगलं, म्हणजे दोष वजनाचा. आणि गठ्ठे कोणी ठेवले विचारल्यावर तू उठून म्हणालास, "मी ठेवले." ग्रंथपालांनी ते ठेवायला तोंडी सांगितलं होतं, हेसुद्धा बोलला नाहीस. तेव्हा मला तुझा इतका राग आला! तू भांडला असतास तर कदाचित मला बोलावं लागलं असतं. तू कबूल करून मोकळा झालास आणि मला गप्प बसायला जागा करून दिलीस. असं मी स्वतःला सांगत आले. स्वतःच्या पापाला दुसऱ्याचा चांगुलपणा जबाबदार, असं म्हणणारी बहीण तुझ्या वाट्याला आली.

गेलेल्या त्या मुलीला तू 'घड्याळ' म्हणायचास. ती पायरीवर दिसली की दार उघडायची वेळ झाली, असं तू धरून चालायचास. वहिनी सांगते की आता तू घरात माळ्यावर साधी उशीही ठेवू देत नाहीस, खालून कुणी जाईल म्हणून. मी हे ऐकते, 'काळजी घ्या' म्हणते आणि फोन ठेवते.

आई गेली त्या आठवड्यात मला म्हणाली होती, "त्याला अंतर देऊ नकोस. त्याच्या हातून घडलं, पण त्याचं मन वाईट नाही." मी मान डोलावली. आई तुला दोषी समजून गेली, दादा. एक वाक्य बोलले असते तर तसं झालं नसतं. ते मला आता कुठेच जाऊन बदलता येत नाही.

आजच का लिहिते, हेही सांगते. त्या भिंतीवर माझ्या प्लास्टरचे चार थर एकावर एक होते. कुणी खरवडलं असतं तर दिसले असते. दर रंगकामात मी तिथे उभी राहून दोन हात जास्त मारून घेत होते. काल ती भिंत पडली आणि मला हायसं वाटलं. घटकाभरच, पण अगदी मनापासून. मग त्या हायसं वाटण्याची मला इतकी किळस आली की जेवण गेलं नाही.

आज सकाळी मी त्या गेलेल्या मुलीच्या वडिलांकडे गेले. टेलर आहेत, विद्यापीठाच्या मागच्या रस्त्यावर अजून दुकान चालवतात. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, बदललेल्या तीन काचा, तिन्हींवरची खोटी तारीख. ते बराच वेळ हातातल्या कापडाची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "तुमचा भाऊ दरवर्षी त्या दिवशी येतो. समोरच्या फुटपाथवर बसतो, दुकान बंद होईपर्यंत. एका वर्षी मी त्याच्या अंगावर बादलीभर पाणी फेकलं. तो हलला नाही."

तू दरवर्षी इथे येतोस आणि माझ्या घराकडे फिरकतही नाहीस, हे मला आज एका परक्या माणसाकडून कळलं.

त्यांनी तुझा पत्ता मागितला. मापं लिहायच्या वहीत मी तो लिहून दिला. गुरुवारी ते तुझ्याकडे पोचतील. वय झालंय त्यांचं, दोन गाड्या बदलून येणार आहेत. "मला त्याच्यासमोर एकदा बसायचंय," एवढंच म्हणाले. मग माझ्याकडे पाठ करून मशीनवर बसले, पण मशीन चालवलं नाही. मी निघाले.

सोमवारी हेच सगळं ऑफिसात लेखी देणार आहे. नोकरी जाईल की आणखी काही होईल, माहीत नाही. साहेब माझी समजूत घालतील, जुनं उकरू नका म्हणतील. म्हणून हे पत्र जपून ठेव. मी मागे हटले तर तू हेच त्यांच्यापुढे टाक.

ते आले की त्यांना आत घे. मी माझ्यासाठी आज काही मागत नाही.

त्या गॅलरीच्या काचा जिच्याकडे होत्या ती,
तुझी धाकटी बहीण