डाव्या खांद्यावरचं फडकं

रवि. १७ जाने. ९९

कुंदे, हे तू कधी वाचशील तेव्हा निम्मं विसरलेली असशील, म्हणून आधीच नोंदवून ठेवते. संक्रांतीला माहेरी आलीस ती एका पायात स्वतःची नि दुसऱ्यात सासूची चप्पल घालून. गेलीस ती तिळगुळाचा डबा इथेच टाकून. प्रदीपने दिलेला फोटो तेवढा पदराखाली जपून सासरी, निडीला, नेलास. लाडू आम्ही खाल्ले. डबा परत मिळेल.

मला अक्षर येत नाय. मी बोलते, सूनबाई लिहिते, दुपारची जेवणं आटोपली की. आता मी एवढं बोलले आणि सुलभाचं पेन जरासंच हललं. म्हटलं, वाचून दाखव. वाचलं. सगळं होतं. तरी लक्ष ठेवायला हवं. प्रदीपचं नाव ती नुसतं प्र. लिहिते म्हणे. स्वतःच्या पोराच्या नावात काटकसर.

तुझ्या भावाचा, दत्ताचा, नवा गणपती संक्रांतीआधीच शाडूत उभा राहिला. उभा कसला, बसलाय. एक पाय दुमडलेला, एक खाली सोडलेला, हात गुडघ्यावर, मान जराशी वळलेली. मिठागराच्या बांधावर माणूस भरतीची वाट बघत बसतो तसा. तुझे बाबा असेच बसायचे. दत्ताला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे.

शुक्र. २२ जाने.

माघी गणपती गेला. आपल्या मूर्तींच्या कारखान्यात पुन्हा गडबड.

माझं काम तेच. कच्च्या मूर्तीवर ओली फडकी घालायची, म्हणजे माती एकदम सुकून तडकत नाय. या नव्याचा डावा खांदा सुरुवातीपासून रुसलेला, सारखा भेगाळतो. त्यावर माझं फडकं कायम, चार पदरी घडी घालून. प्र.ने फोटो काढला तेव्हाही होतं. मी म्हटलं, थांब, काढते. तर म्हणे, "राहू दे आजी, खरं दिसतं."

तो फोटो आता वेबसाईटवर आहे. प्र.चा स्टुडिओ रोह्याला, तिथेच त्याच्या मित्राचा, शेखरचा, कॉम्प्युटर क्लास. फोटो एका काचेवर पालथा घालतात, मग फोन लावतात, फोन किंचाळतो, आणि फोटो जगभर जातो. घरात मात्र कुणाला दिसत नाय, कारण घरात ते यंत्र नाय.

मी विचारलं, "बघणारा कोण ते तुला दिसतं?"

"नाय आजी. किती जणांनी बघितलं त्याचा आकडा येतो."

आकडा येतो, तोंड येत नाय. मग ती खिडकी नव्हे, फट झाली. मला नाय आवडलं. पण प्र. म्हणतो, मुंबईचे व्यापारी होळीनंतर येतात, त्यांच्या आधीच लोकांना दाखवू. मूर्ती ज्याची आधी दिसली, त्याची ठरते. पाठून दाखवणारा चोर. इथली रीतच ती.

शनि. ६ फेब्रु.

सुलभा वडखळला बारशाला गेली होती. आली ती पाय न धुताच ओटीवर बसली.

"आई, आपला गणपती रस्त्यावर बसलाय."

मला वाटलं, बारशाचं जेवण बाधलं. पण नाय. वडखळच्या अलीकडे एक कारखाना आहे, त्याच्या दारात. एक पाय खाली, हात गुडघ्यावर, मान वळलेली.

दत्ताने ताट बाजूला सारलं. उठून कारखान्यात गेला आणि आपल्या मूर्तीला पाठ करून बसला. आपला अजून साच्यातही गेला नाय, आणि तिथे रंग द्यायला घेतलाय म्हणे.

होळी तोंडावर. व्यापारी आले की रंग लागलेला आधी बघणार, तो वडखळचा; इथे पेणला आपला पाठून. म्हणजे चोर दत्ता ठरणार. त्याच्या बापाचं बसणं, आणि चोर तो.

मंगळ. ९ फेब्रु.

दत्ताला तिकडे सगळे ओळखतात. म्हणून मी गेले. सुलभाला स्टँडवर उभी ठेवली. म्हातारीला कोण विचारतो?

एक पोरगेलासा कारागीर होता. "काय पायजे गो आजी?"

"गणपती बघतंय. घरचा. हा बरा हाय. बसलाय कसा, जावई मानपान मागतो तसा."

हसला. मी मूर्तीभोवती फिरले. पाठ सपाट! आपल्या दत्ताने पाठीला बाक दिलाय, दमलेल्या माणसाचा. यांना पाठ ठाऊकच नाय. मग पुढून बघितलं आणि जागच्या जागी खिळले. डाव्या खांद्यावर मातीचंच काहीतरी चिकटवलेलं. चार पदरी घडी. एक कोपरा खाली लोंबलेला. वर सोनेरी रंगाची किनार ओढायला घेतली होती.

"हे काय रे बाबा?"

"शेला हाय आजी. नवीन फॅशन. दुसऱ्या कुणाकडं नाय."

दुसऱ्या कुणाकडं नाय, हे मात्र खरं बोलला. माझं फरशी पुसायचं फडकं, त्याला सोन्याची किनार! हसू दाबता दाबता खोकला आला. त्याने पाणी दिलं. पोर वाईट नाय.

सांगायचं ते हे, की यांनी मूर्ती बघितलीच नाय. फोटो बघितलाय.

गुरु. ११ फेब्रु.

प्र. रोह्याहून आला. ऐकून पांढराफटक. मग म्हणाला, "आजी, वेबसाईटवरचा फोटो एवढासा आहे," आणि अंगठ्याचं नख दाखवलं. "त्यात फडक्याची घडी दिसणारच नाय. मोठा फोटो कुणीतरी दिलाय."

निगेटिव्ह त्याच्या पत्र्याच्या डब्यात, किल्ली गळ्यात. मग मोठा फोटो कुणाकडे? शेखरच्या यंत्रात. पासवर्ड म्हणून एक गुपित शब्द असतो, तोही शेखरकडेच. म्हणजे घर आपलं, कुलूप आपलं, किल्ली शेजाऱ्याची. हे प्र.ला आत्ता सुचलं.

"उद्याच जातो, त्याची गचांडी धरतो आणि फोटो काढून टाकायला लावतो."

मी म्हटलं, धर हवं तर, पण फोटो काढू नको. कधी लावला त्याची तारीख तिथे दिसते म्हणालास ना? तो तिथे आहे तोवर आपण आधी. काढलास की आपण कुणीच नाय.

दत्ता पहिल्यांदा बोलला. "व्यापारी काय कॉम्प्युटर बघणार?"



सोम. १५ फेब्रु.

भांडण झालं. आणि शेखर स्वतःच पेणला आला, फ्लॉपी नावाची काळी चकती घेऊन. आल्या आल्या माझ्या पाया पडला. चहाची स्तुती केली. चहात आज साखर नव्हती, म्हणून माझा संशय वाढला.

"आजी, मोठा फोटो मी ठेवतच नाय. माझ्या मशीनमध्ये जागा कुठाय? लहान करतो, चढवतो, मोठा पुसतो."

"पुसलेला आम्हाला कसा दिसणार रे?"

त्याने खिशातलं पेन काढलं. मग पासवर्ड कागदावर लिहून प्र.च्या हातात दिला. "आजपासून तूच बदल. मला सांगू पण नको." त्याचे डोळे भरले होते. खोटं रडणारा आधी समोर कोण बघतंय ते बघतो. याने भिंतीकडे तोंड केलं. मी सुलभाला त्याच्यासाठी साखरेचा चहा करायला लावला.

मग दोघांची चर्चा, पुढचे फोटो कसे राखायचे. शेखर म्हणतो, फोटोवर प्र.चं नाव टाकू, आडवं, मधोमध, म्हणजे चोराच्या कामाचा नाय. मधोमध म्हणजे कुठे? तर देवाच्या पोटावर. दत्ता ताडकन उठला. "देवाच्या अंगावर नाव? आम्ही काय भांडी वाटतोय काय लग्नात?"

मग पायाशी टाकू. तर शेखर म्हणतो, पायाशी टाकलं तर चोर तेवढं कापून टाकतो.

मी म्हटलं, पाटावर टाका. देव ज्या पाटावर बसलाय त्याच्यावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत. पाट कापला तर देव अधांतरी. तसला फोटो कोण घेईल?

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. दत्ता हसला. कितीतरी दिवसांनी.

पण हे सगळं पुढचं. गेलेला फोटो गेलाच आहे. शेखर नाय, तर कोण?

रवि. २१ फेब्रु.

आज जेवताना प्र.चा घास हातातच राहिला.

"आजी, मोठे फोटो दोन धुतले होते. एक बाबांना दिला."

तो कारखान्यात भिंतीवर आहे, मी रोज बघते.

"आणि एक संक्रांतीला कुंदाआत्याला."

आता लिहायला बसलो, तर मी बोलायच्या आधीच सुलभाचं पेन सुरू. एरवी माझ्या दहा शब्दांना तिचे चार, आणि आज बघा कसं पळतंय. नणंदेचं नाव आलं की हात दुखत नाय. लिही, लिही. हेही लिही.

कुंदे, तुझ्यावर माझा संशय नाय. तुला स्वतःची चप्पल ओळखता येत नाय, तू चोरी काय करणार? पण तूच संक्रांतीला सांगितलंस, धाकटा दीर विलास कंपनीतलं काम सुटल्यापासून रंगकामाला जातो. "वडखळच्या बाजूला कुठंतरी," म्हणालीस. कुठं ते तुला आठवत नव्हतं. तेव्हा मी हसले होते.

प्र. म्हणतो, "विलासकाका असं नाय करणार."

असेल. नसेलही केलं. फोटो तुझ्या ओटीवर लावला असशील, येणारा जाणारा बघत असेल, कुणी उतरवून नेऊन परत आणून लावला तरी तुला पत्ता नाय. विलासला मी लहान असल्यापासून बघतेय. तुझ्या लग्नात माझ्या मांडीवर झोपला होता. पण मांडीवर झोपलेलं पोर मोठं झालं की त्याच्या हातात ब्रश येतो, घरात चूल असते, आणि मालक विचारतो, नवीन काय आणलंस?

तुला फोन लावून विचारू म्हणतो प्र. मी नको म्हटलं. विचारलं की माहेर तुटतं. खरं असलं तरी तुटतं, खोटं असलं तरी तुटतं. आणि नाय विचारलं तर दत्ता चोर. सुलभा, हे पुन्हा वाच बघू. "तुटतं" दोनदा आहे ना? बरं.

बुध. २४ फेब्रु.

दत्ताने साचा केला. खांद्यावर काही ठेवायचं का, विचारत होता. म्हटलं, नाय. तुझ्या बाबांच्या खांद्यावर कधी काही नसायचं, मिठाची टोपली डोक्यावर असायची.

मुंबईचा एक व्यापारी आधीच येऊन गेला. दारातूनच म्हणाला, "अरे, हा तर वडखळला बघितला." आत आला नाय, बाहेरच्या बाहेर गेला. दत्ताने मूर्तीवर धोतर टाकलं. तारखेचं सांगायला प्र. गाडीमागे स्टँडपर्यंत धावत गेला.

आता थांबून चालणार नाय. पण विचारायचं नाय, नुसतं दाखवायचं.

शुक्र. २६ फेब्रु.

सूनबाई, आजचं दोनदा लिही. एकदा इथे, एकदा पोस्टकार्डावर, निडीचा पत्ता घालून. आणि स्वतःचं काही घालू नको. कार्ड मी पोस्टातल्या बाईंकडून वाचून घेणार आहे.

कुंदे,

इकडे सगळे बरे. तुझा डबा घासून ठेवलाय. फोटो भिंतीवर आहे ना, नसला तर शोधू नको, असला तर काढू नको.

मूळची मातीची मूर्ती मी ओटीवर आणवून घेतली. दत्ता नको म्हणत होता. तिच्या डाव्या खांद्यावर माझं फडकं घातलंय, चार पदरी, एक कोपरा खाली सोडून. समोर पाट मांडलाय. दुसरा पाट माझा.

तुमच्या शेतातले कडवे वाल निघाले असतील. होळीला बिरडं करायचंय. वाल भिजवून, मोड आणून, ओल्या फडक्यात बांधून पाठव. विलासच्या हातून पाठव, दुसऱ्या कुणाच्या नको. आणि गो, सोलू नकोस. सोलायला मी त्यालाच माझ्यासमोर बसवणार आहे.