जिना सरकारजमा, मजला लेकीला

मी, या घराच्या वरच्या मजल्यावर बायकांचे कपडे शिवणारी विधवा, वय पंचावन्न, कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला देणारे डॉक्टर शिडी चढायला तयार होईनात. त्यांनी खालूनच विचारलं, "ताई, डोकं ठिकाणावर आहे ना?" मी खिडकीतून म्हटलं, "डोकं आहे. जिना तेवढा नाही." त्यांनी लगेच लिहून दिलं.

जिन्याचा खुलासा आधी केलेला बरा. रस्ता रुंद करायचा म्हणून सरकारने घराची एक पट्टी घेतली. जिना त्या पट्टीत होता. खालच्या मजल्यावरचे माझे धाकटे दीर, यापुढे 'भाऊजी', यांनी मला न विचारता 'घरच्यांची हरकत नाही' असं लिहून दिलं. रस्ता आहे तेवढाच राहिला. जिन्याच्या जागी फुलझाडांची कुंडी आली आणि 'हात लावू नये' अशी पाटी. मी कोर्टात गेले. परवा निकाल लागला: पट्टी सार्वजनिक कामासाठी घेतली ते योग्यच, वरच्या मजल्यावरची अर्जदार बाईंची मालकी पूर्णपणे अबाधित आहे, तिथे जायचं कसं, हा प्रश्न कोर्टापुढे नाही.

वकील म्हणाले, "अर्धी केस जिंकलो की!"

"हो," म्हटलं, "वरची अर्धी."

तर या अबाधित मालकीची वाटणी अशी.

१. वरचा मजला, दोन खोल्या आणि खिडकी, माझ्याजवळ राहणाऱ्या एकुलत्या लेकीला. त्यासोबत अपीलही तिलाच. तिने कुठल्याही कागदावर सही करू नये, विशेषतः भाऊजी गोड बोलत असताना. निकालाच्या संध्याकाळीच ते खालून म्हणाले, "वहिनी, मजला माझ्या नावावर करा, मी माझ्या खोलीतून आतला जिना काढून देतो."

"मग त्या जिन्याने चढून मी कुणाच्या घरी येऊ?"

"असं काय करता? पाहुण्या म्हणून या की!"

२. शिलाई मशीन, कात्र्या आणि गिऱ्हाईकं लेकीला. बायका हल्ली मापं रस्त्यावरून ओरडून सांगतात, आणि भररस्त्यात कमरेचं खरं माप कुणी सांगत नाही. ऐकलेल्या मापात चार बोटं वाढवून कापड कापावं. कपडा बसला की गिऱ्हाईक म्हणतं, बारीक झाले वाटतं. होय म्हणावं.

३. शिडीही लेकीलाच. ती फूटपाथवर टेकते, म्हणून अतिक्रमण ठरते. पथकाने एकदा उचलून नेली. साहेब खालून सांगत होते, "दंड भरायला स्वतः ऑफिसात या," आणि शिडी त्यांच्या गाडीत चढत होती. तेव्हापासून वापर झाला की शिडी वर ओढून घेतो. तेच चालू ठेवावं.

४. जिन्यावरचं दार भाऊजींना. चौकट लेकीची, फळी त्यांची. ते उघडलं की पाऊल थेट हवेत पडतं. पहिलं पाऊल टाकण्याचा मान मी त्यांना देते. माझी हरकत नाही, असं समजून चालावं. त्यांनीच ही पद्धत पाडली.

५. मी गेल्यावर मला खाली कसं न्यायचं, याची भाऊजी फार आस्थेने चर्चा करतील. "आधी सगळ्यांनी खाली या," म्हणतील. लेकीने उतरू नये. पलीकडच्या गल्लीतलं कुटुंब एका लग्नाला गेलं, तेवढ्यात घर रिकामं दाखवून पंचनामा झाला. कागदावर घेतलेला ताबा हाही ताबाच, असा त्यावर निकाल आहे. ते अजून पाहुण्यांकडेच राहतात.

मला चार माणसं दोर बांधून सोडतील. सोडू देत. कपाट असंच वर आलं होतं. लोक नावं ठेवतील, आईला पोचवायलासुद्धा आली नाही म्हणतील. त्यांना घर आहे, त्यांना बोलायला काय जातं? बाळे, तू खिडकीतच उभी राहा. माणसाला उताणंच नेतात. मी वर बघतच जाईन.

सही: मजल्याची मालकीण

साक्षीदार:
१. समोरची इस्त्रीवाली. शिडी चढून आली, वाचून घेतलं, मग सही केली.
२. पोस्टमन. शिडीबद्दलची नवी नोटीस द्यायला वर आलेच होते.

स्थळ: वरचा मजला
दिनांक: निकालानंतरचा पहिला शनिवार