दुसरा गियर पडत नाही

कृष्णराजनगरचे शंभूराव यांस मैसूरहून पांडुरंग शिंप्याचा नमस्कार. (नमस्कार बसूनच केला आहे. वाकलो तर उठवायला माणूस लागतो आणि घरातली माणसं कामाला गेली आहेत.) तुझी भाताची लावणी झाली असेल, कालव्याला पाणी असेल आणि वहिनींचा गुडघा आता कुरकुरत नसेल असं धरून चालतो. इकडे सुमित्रा ठणठणीत, शरत आणि सूनबाई चैत्रा आपापल्या कामात. दुकान मी अर्धा दिवस उघडतो. लोक तयार पँट घेतात आणि माझ्याकडे फक्त लांबी कमी करायला येतात. ते असो.

तू तीनदा फोनवर विचारलंस, चार महिने का आला नाहीस, रुसलास का. रुसलो नाही रे. पण आमच्याकडे फोन स्पीकरवर ठेवून बोलायची पद्धत पडली आहे, आणि मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर घरचे आधी देतात. म्हणून कागद घेतला. न येण्याचं कारण एकच, माझी मोटरसायकल. (बसने ये, असं तू म्हणशील. अडतीस वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी गाडीवरूनच तुझ्या दारात आलो आहे. बसमधून उतरलो तर तुझ्या गल्लीतली कुत्रीसुद्धा ओळख देणार नाहीत.)

तर गाडीचा दुसरा गियर पडत नाही. पहिला डाव्या पायाने खाली दाबायचा, तो पडतो. दुसऱ्यासाठी तीच लिव्हर चवड्याने वर उचलायची. मी उचलतो, आणि गाडी मधेच न्यूट्रलमध्ये अडकते. इंजिन बोंबलतं, गाडी जागच्या जागी, मागचे हॉर्न वाजवतात. मागच्या महिन्यात मोठ्या सर्कलवर असं तीनदा झालं. ट्रॅफिक पोलिसाने हात धरून मला कडेला नेलं आणि 'अज्जा, घरी कुणी नाही का?' असं कन्नडमध्ये इतक्या मायेने विचारलं, की त्यापेक्षा त्याने पावती फाडली असती तर बरं झालं असतं.

हे शरतच्या कानावर गेलं. झालं. तो म्हणाला, आता दसऱ्यात आयुधपूजेला गाडीला शेवटचा हार घाला आणि मग देऊन टाकू. जुन्या गाड्या जमवणारा एक हौशी गृहस्थ दोनदा येऊन तिच्याकडे बघूनही गेला आहे. मी म्हटलं, नादुरुस्त वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात मारणं आपल्या घराण्यात नाही, आधी दोष काढतो. शरतला हे पटलं. (खरं सांगू, मला वेळ काढायचा होता. गाडी गेली की मी दुकान ते घर आणि घर ते दुकान. हे तुला वेगळं सांगायला नको.)

पहिला संशय क्लचच्या केबलवर. ती ढिली असली तर क्लच पुरता सुटत नाही आणि गियर अडतात, एवढं मलाही कळतं. ढिलाई दिसली की शिंप्याचा हात शिवशिवतो. मी केबल अशी ओढून बसवली की क्लचच्या लिव्हरला सूतभर मोकळीक उरली नाही. परिणाम असा की चामुंडीच्या चढावर इंजिन गर्जना करतंय आणि बाजूने पायी चढणाऱ्या बायका मला मागे टाकून चालल्या आहेत. जन्मभर प्रत्येक शिवणीत दोन बोटं माया ठेवणारा मी, आणि केबलला तेवढीही ठेवली नाही. पुन्हा ढिली केली. मग गियरच्या लिव्हरच्या सांध्यात शिलाई मशीनचं तेल सोडलं. मग लिव्हरच काढून एक दाता वर बसवली, दुसऱ्या दिवशी दोन दाते खाली. रोज सकाळी आमच्या दारात पाना वाजायचा, आणि सुमित्रा म्हणायची, देवघरातली घंटा एवढी वाजवली असती तर पांडुरंग आतापर्यंत स्वतः गियर टाकायला आला असता.

शेवटी नरसिंहमूर्तीकडे नेली. हा आपला जुना मेस्त्री, आता डोळ्यांना जाड चष्मा, पण कान शाबूत. त्याने गियरचं तेल बदललं, क्लचच्या प्लेटा बदलल्या, गल्लीला दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, 'चन्नागिदे, रावरे.' छान आहे म्हणे. मी बसलो, कोपऱ्यावर गेलो, न्यूट्रल. परत आलो. तो बसला, चन्नागिदे. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. मला राग आला. मेस्त्रीला दोष सापडला नाही की तो गिऱ्हाइकाकडे असंच बघतो, असं मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं.

त्यानंतर चैत्राची स्कूटर बंद पडली. तिची हेब्बाळची कंपनीची बस चुकली होती. ती म्हणाली, मामा, तुमची गाडी नेऊ का? माहेरी वरुण्याला ती दुधाचे कॅन घेऊन असल्या गाडीवरून डेअरीत जायची, हे मला लग्नाला सात वर्षं झाल्यावर कळलं. मी म्हटलं, ने, पण दुसरा पडत नाही, सरी, कळलं ना? संध्याकाळी ती आली ती कोपऱ्यापासून चौथ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून दुसऱ्यात, एकेक गियर उतरवत. मला वाटेवरच ऐकू आलं. चावी हातात देऊन म्हणाली, गाडीत काही नाही हो, मामा. आणि आत जाऊन चहा टाकला.

म्हणजे आता दोष गाडीत नाही हे सिद्ध झालं. मी खूप विचार केला आणि माझ्या लक्षात आलं की सगळा घोळ माझ्या नव्या बुटांचा आहे. तळ जाड, चवडा वळत नाही, लिव्हर कळत नाही. बूट बदलतो आणि पुढच्या महिन्यापासून येतो. काळजी नसावी. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
पांडुरंग

ता.क. बुटाचं खोटं आहे. काल घरात कुणी नसताना गाडी स्टँडवर लावून मी अनवाणी बसलो आणि दुसरा टाकला. टाकला असं मला वाटलं. खाली वाकून बघितलं तर पाय होता तिथेच. पुन्हा टाकला, नुसता बघत राहिलो, चवडा उचललाच जात नाही रे. शेवटी हाताने लिव्हर उचलली, खट्ट करून बसला गियर. पोट सुटलेली माणसं पँट घेऊन यायची आणि म्हणायची, पांडुरंगराव, शिवण आवळली बघा. मी त्यांना किती हसलो असेन. नरसिंहमूर्तीला माझा राग आलेला नसावा असं वाटतं. मीच एकदा जाऊन बोलेन.

आणखी एक. गेल्या आठवड्यात मार्केटातून येताना डाव्या पायातली चप्पल मागेच राहिली. फुलं विकणारी बाई ती घेऊन मागे धावत आली, तोवर मला पत्ता नाही. साखरेचा डॉक्टर मागेच म्हणाला होता की पायाला स्पर्श कळेनासा झाला की लगेच ये. मी गेलो नाही. भीती वाटली, दुसरं काय. घरात हे कुणालाच माहीत नाही. सांगितलं तर गाडी त्याच दिवशी जाईल आणि सुमित्रा रडेल, आणि यातलं आधी काय होईल त्याचीच मला धास्ती आहे.

गुरुवारी सकाळी दहाची डॉक्टरची वेळ घेतली आहे. तू पहिल्या बसने ये. घरी सांगू की गाडी बघायला आलास. दवाखान्यापर्यंत तू चालव, मी मागे बसेन. परत येताना मी चालवतो म्हणून हट्ट धरला, तर चावी देऊ नकोस.