शिंक दाबायची नाही

अप्पा, तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली आणि आता मला तुम्हाला विचारायचंय, शिंकेला तुम्ही एवढं का घाबरायचात? महिनाभर माझं डोकं दुखत होतं, मान वळवली की आत शहाळ्यासारखं खळखळायचं. टी. नगरच्या डॉक्टरबाईंनी स्कॅन पाहून विचारलं, पडलात का, मार लागला का. नाही. तरी कवटीत, मेंदूला टेकून, हवेचा काळा बुडबुडा बसलेला. मी विनोदी सदरं लिहून पोट भरते हे कळूनही बाई हसल्या नाहीत. संपादक मात्र म्हणाले, डोक्यात हवा गेल्याचं आम्ही केव्हापासून सांगतोय.

माझ्या कानामागच्या हाडात जन्मापासूनच पोकळ्या जास्त, वरचं हाड पापडासारखं पातळ. जोर पडला की तिथून हवा वर शिरते आणि अडकते. "शिंक दाबता?" बाईंनी विचारलं, आणि मी आपल्या तांबरमच्या स्वयंपाकघरात उभी आहे. आई सांबाराला मिरचीची फोडणी देतेय, तुम्ही ऑफिसला निघालाय, मला शिंक येते. तुम्ही चपला काढून परत बसता. लोकल चुकते, साहेबाची बोलणी खाता. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा माझं नाक चिमटीत धरून म्हणालात, "दाब. मी स्टेशनात पोचलो की हवं तेवढं शिंक." दाबली. पुढे चाळीस वर्षं, कोणी निघालेलं असो वा नसो, दाबतच राहिले.

उपचार मजेशीर. चार दिवस उशाकडची बाजू उंच करून पडायचं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. त्याने अडकलेली हवा हळूहळू रक्तात विरते. नाक शिंकरायचं नाही, विमान नाही, शिंक आली तर तोंड उघडं. बुडबुडा आता वाटाण्याएवढा उरलाय. पुन्हा भरला तर कानामागे कापून भोक बुजवायचं.

आज लेक श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात नोकरीच्या पहिल्या दिवसाला निघाली आणि मला शिंक आली. हात नाकाकडे गेला. मोठ्या कष्टाने खाली घेतला आणि अशी शिंकले की शेजारच्या मामी डोकावल्या. "अम्मा, सूपर," म्हणत लेक जिना उतरली. अंधश्रद्धांची टिंगल करत मी तीन पुस्तकं लिहिलीत, अप्पा. तरी गॅलरीतून ओरडले, डबा राहिला. मागून हाक मारू नये हाही तुमचाच नियम, तो मोडून. ती धापा टाकत वर आली, मी तिला दोन मिनिटं बसवलं, मग धावत जाऊन तिने कंपनीची बस गाठली. हे धाडायची सोय नाही तेच बरं. डबा तिच्या पिशवीतच होता आणि मला ते ठाऊक होतं.