तळमजल्याचा अंदाज

४ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ह्यांना तीन जिने उतरवत नाहीत. चार महिने खाली पाऊल नाही. दिवसभर खिडकीतून रस्त्यावरच्यांना हाका मारतात, लोक कंटाळून पलीकडच्या फुटपाथने जायला लागलेत. समोरच्या इमारतीतला तळमजला विकायचाय. मालक दातांचे डॉक्टर, दवाखान्यापेक्षा घरं घेऊन ठेवण्यात त्यांचा जीव जास्त. अशी पाच आहेत. आपलं घर कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला हवंय. दोन्ही व्यवहार आठवड्यात उरकतील. तू घरांच्या भावांचे अंदाज लिहितोस म्हणून विचारते, आत्ताच उरकू का? एरवी तुला आंघोळीचं पाणी किती तापलंय याचाही अंदाज यायचा नाही.

तुझी,
ताई

१५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

घाई मुळीच करू नकोस. लक्षणं चांगली आहेत, सहा महिन्यांत तुमच्या भागात भाव बारा टक्के वाढतील असं मला वाटतं. आत्ता विकलंस तर हळहळशील. भावोजींना म्हणावं, एवढे सहा महिने कळ काढा.

तुझी माया तेजी-मंदी न बघता अशीच राहू दे.

तुझा,
धाकटा

२० जून

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझा शब्द मी खाली पडू दिला नाही. बेकरीवाल्याला थांबवलं, अख्ख्या जिन्याला बारा टक्के सांगून ठेवलं. एप्रिलमध्ये एका मुलीचा फोन आला, भाव वाढतील का म्हणून विचारत होती. मी ठणकावून बारा टक्के सांगितलं. आणखी कोणाला विचारू म्हणाली, तेव्हा जिन्यातल्या दहाजणांचे नंबर दिले. सगळे बारा टक्केच म्हणाले. आमच्या जिन्यात पहिल्यापासून एकी आहे.

आता डॉक्टर तुझा बारा टक्क्यांचा छापील अहवाल घेऊन फिरतात. भाव चढणार असताना विकायला मी काय वेडा आहे, असं मलाच विचारलं. आपलं घर महागलं तर त्यांचंही महागणार, हे तुझ्या कसं लक्षात आलं नाही रे? ह्यांनी हाका मारणं सोडलंय. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. मला भीती वाटते.

तुझी,
ताई

१ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून लगेच पाहणीचे कागद काढून पाहिले. फोन करणारी मुलगी आमच्याच ऑफिसातली, आणि तुमच्या भागातून उत्तरं आली ती अकराच. मार्चमध्ये माझा नुसता अंदाज होता. अकराच्या अकरांनी तोच आकडा सांगितला तेव्हा माझी खात्री पटली. इतकं एकमत बाजारात कधी पाहिलं नाही म्हणून साहेबांनी पाठ थोपटली. दुरुस्ती छापा म्हटलं, तर आता पुढच्या वर्षी बघू म्हणतात.

ताई, चूक माझी. हे पत्र डॉक्टरांना दाखव आणि खरं काय ते सांगून टाक. रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझा,
धाकटा

१४ जुलै

चि. धाकट्यास आशीर्वाद.

पत्र दाखवलं. फोनपासून सगळं सांगितलं. डॉक्टरांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अंदाज लिहिणाऱ्याची सख्खी बहीण माझं घर घ्यायला एवढी धडपडतेय, म्हणजे वीस टक्के तरी नक्की." तुझ्या बारा टक्क्यांवरचा त्यांचा विश्वास उडालाय, पण तो असा.

घरी येऊन मी रडले, खोटं कशाला सांगू. ह्यांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं सांगितलं, तर कितीतरी दिवसांनी खो खो हसले. मग म्हणाले, "घर राहू दे गं. मला फक्त एकदा खाली जायचंय."

तर पत्र मिळताच निघून ये. खुर्चीत बसवून त्यांना उतरवू. एक बाजू बेकरीवाला धरतो म्हणालाय, दुसरी तुझी. सामान फार आणू नकोस, दोन्ही हात मोकळे लागतील.

वाट पाहतेय,
ताई