इन्स्टॉलरच्या अटी मान्य नसल्याबाबत

लिहून ठेवणार अप्पाराव सखाराम दाभाडे, वय एकाहत्तर, धंदा अर्जनवीस, राहणार मुकुंदवाडी. माझी बुद्धी शाबूत आहे. संगणकासमोर बसलो की जाते, म्हणून हे मृत्युपत्र हाताने लिहीत आहे.

कचेरीबाहेर टेबल टाकून मी जन्मभर लोकांचे करारनामे लिहिले. न वाचता कुणाला अंगठाही उठवू दिला नाही. मुलगी मेघा हिच्या आग्रहाने मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर आणले. ते बसवणाऱ्या इन्स्टॉलरने आधी अटी दाखवल्या, त्याही इंग्रजीत, वीतभर खिडकीत, आणि शेवटी "मान्य आहे" असे बटण. शब्दकोश घेऊन निम्म्यावर आलो की "वेळ संपली" म्हणून तो पुन्हा पहिल्या ओळीवर नेतो. तरी एक कलम सापडलेच: कंपनी या अटी केव्हाही बदलेल आणि त्या तुम्हाला मान्य असतील. सिल्लोडच्या एका आडत्याने असले कलम लिहायला सांगितले, तेव्हा मी त्याला उठवून लावले होते. तो निदान चहा तरी पाजायचा.

खाली चौकोनात माझ्या वतीने आधीच खूण केलेली, की मला रोजचे राशिभविष्य हवे. आम्ही बौद्ध माणसे! आमच्या धंद्यात याला बनावट सही म्हणतात.

सबब,

१. राहते घर पत्नी मालनबाई हिला. ती म्हणते, "दाबा की ते बटन एकदाचं. तो काय किडनी मागतोय व्हय?" मागतही असेल. तिथपर्यंत वाचून झालेले नाही.

२. पुतण्या राजकुमार यास काहीही नाही. "काका, नेक्स्ट-नेक्स्ट करत जायचं," हा त्याचा सल्ला. बजाजनगरचा प्लॉट त्याने तसाच घेतला. प्लॉटला रस्ता नाही. ज्याला काही मिळत नाही तो साक्षीदार चालतो, म्हणून त्यालाच बोलावले आहे. तो हे वाचणार नाही.

३. टेबल, खुर्ची, कचेरीबाहेरची जागा व अडकलेला संगणक मेघाला. मी बटण दाबत नाही म्हणून गिऱ्हाइके टाइप करून घ्यायला शेजारी जातात आणि ती एखाद्या कंपनीत नोकरी बघते आहे. ती गेली की टेबल संपले. याची मला फार भीती वाटते.
अट: सदर बटण तिने कधीही दाबू नये. (खोडले. सही: अ. स. दाभाडे)

खोडण्याचे कारण असे. मेघाने हा कागद ओळन् ओळ वाचला आणि परत केला. "बाबा, ही अट मला मान्य नाय. काढा, तरच टेबल घेते."

इन्स्टॉलरला असे सांगायची सोयच नाही. तिथे एक तर होय म्हणा, नाही तर बाहेर पडा. पोरीने मला सांगितले, आणि मला भरून आले.

टेबलापुरते हे मृत्युपत्र आजपासूनच लागू. माझ्या मरणापर्यंत थांबायचे कारण उरलेले नाही. खुर्चीवर मेघा बसली आहे. मी गिऱ्हाइकाच्या बाकावर बसून सही करत आहे.

सही: अप्पाराव सखाराम दाभाडे
साक्षीदार: द्वारकाबाई पंडित जाधव (शेजारीण), राजकुमार भीमराव दाभाडे
छत्रपती संभाजीनगर, ११ जून २०२५